नवशिक्यासाठी प्याद्यांचे पुस्तक

पुस्तक न वाचता त्यावर मत देणारी माणसे मी वृत्तपत्राच्या कचेरीत पुष्कळ पाहिली. त्यातली काही नियमित परीक्षणेही लिहीत असत. पण एक पुस्तक निवडण्यात निवृत्तीनंतरची बरीच वर्षे घालवून शेवटी एकही न निवडलेला माणूस मी एकच पाहिला आहे, आणि तो माझा साडू आहे. विषय ठरलेला होता: बुद्धिबळात नवशिक्याने प्यादी कशी चालवावीत. हत्ती, घोडा, उंट आणि वजीर यांच्याबद्दल साडूंना काही म्हणायचे नसते. ती मोठी माणसे आहेत, आपले पाहून घेतील, असे त्यांचे मत आहे. प्याद्याला मात्र कोणी वाली नाही आणि नवशिक्याची सगळी दुखणी तिथूनच सुरू होतात, हा सिद्धांत ते लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या बाकावर आणि एकदा तर तेराव्याच्या जेवणात, जिलबी वाढणाऱ्याला थांबवून, मांडत होते. जिलबीवाला पुढे गेला. त्याला बुद्धिबळ येत नव्हते, आणि साडूंच्या मते त्यामुळे तो अजून सुधारण्याजोगा होता.

साडू मोजणी खात्यात होते. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या बांधांवरून साखळी ओढली आणि भावाभावांना त्यांची जमीन नेमकी कुठे संपते ते दाखवले. त्या नोकरीने त्यांना दोन गोष्टी दिल्या, उन्हाने रापलेला चेहरा आणि कोणीही काहीही सांगितले तरी आधी स्वतः मोजून पाहायची सवय. निवृत्त होऊन ते जळगावात स्थायिक झाले आणि मोजायला काही उरले नाही तेव्हा पुस्तके मोजू लागले. त्यांची भाची इंटरनेटवरून पुस्तके मागवून देई. धुळ्यात एखादे जुने पुस्तक दिसले की ते पोहोचवायची जबाबदारी माझ्यावर असे. पारोळा, एरंडोल करत एसटीने मी किती प्याद्यांची वाहतूक केली याचा हिशेब ठेवलेला नाही. पुस्तक हातात पडले की साडू चष्मा पुसत आणि त्याला नापास करायला बसत. प्याद्यांवरच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर वजीर असला तर ते दारातच नापास. प्रस्तावनेत लेखकाने ‘सोपे’ हा शब्द वापरला तर तिथेच नापास. “सोपं म्हणाला म्हणजे त्यालाच येत नाही,” असे ते म्हणत. लेखक परदेशी असेल तर त्याने कधी उन्हात चालून पाहिले आहे का, हा प्रश्न विचारत. याचा प्याद्याशी संबंध काय, असे मी एकदा विचारले. “उन्हात चालणारा माणूस पाऊल जपून टाकतो, पत्रकार,” असे उत्तर मिळाले. मी तेव्हा नोकरीत होतो, त्यामुळे ते मला पत्रकार म्हणत. निवृत्त झाल्यावरही म्हणतात, पण आता त्यात थोडी कीव मिसळलेली असते.

एक पुस्तक मात्र त्यांना आवडले होते. त्यात डावाचा फक्त शेवटचा भाग होता. पटावर दोन राजे आणि थोडी प्यादी, तीही आधीच अर्ध्या वाटेवर आलेली. निम्मे पुस्तक होईपर्यंत साडू इतके प्रसन्न होते की माझी मोठी मेव्हणी, जिला आम्ही सगळे अक्का म्हणतो, तिने फोन करून माझ्या बायकोला सांगितले की ह्यांच्या तब्येतीला काही झाले असावे, भाजीला नाव ठेवत नाहीत. मग एका संध्याकाळी साडूंनी पुस्तक मिटले. त्या दिवशी घरात भरीत होते, हिवाळ्यातले, हिरव्या वांग्याचे, कांद्याच्या पातीसकट. साडू ताटावर बसले आणि तसेच उठले. काय झाले विचारले तर एवढेच म्हणाले, “लेखक घसरला.” कुठे, कसा, हे सांगितले नाही. घरात गमी झाल्यासारखे त्यांचे तोंड होते. ते पुस्तकही कपाटात इतरांच्या रांगेत गेले. त्या कपाटाचे दार नीट लागत नाही, कारण नापासांची संख्या फार आहे.

प्याद्याचे नियम त्यांनी स्वतःलाही लावून घेतले होते. प्यादे मागे येत नाही, म्हणून साडू बाजारातून परत फिरत नसत. कोथिंबीर घ्यायची राहिली आणि दुकान दहा पावले मागे पडले, तर ते पुढच्या चौकाला वळसा घालून, अर्ध्या गावाची प्रदक्षिणा करून पुन्हा त्याच दुकानासमोर येत. प्यादे तिरपे मारते, म्हणून रस्ता ओलांडताना ते तिरपे जात. एका वाहतूक पोलिसाने त्यांना चौकाच्या मधोमध अडवले, तेव्हा त्यांनी त्याला प्याद्याची चाल समजावून सांगितली आणि दोन्ही बाजूंची रहदारी तेवढा वेळ थांबून राहिली. पोलिसाने दंड केला नाही. वयाकडे पाहून सोडले, असे साडू स्वतः सांगत आणि त्यात त्यांना काही अपमान वाटत नसे. कॉलनीतल्या वाचनालयाने मुलांसाठी रविवारचा बुद्धिबळ वर्ग काढला आणि शिकवायला त्यांना बोलावले, तेव्हा तर त्यांचे दिवस पालटले. त्यांनी पटावरून बाकीच्या सगळ्या सोंगट्या काढून डब्यात बंद केल्या आणि प्यादे मागे का येत नाही याच एका मुद्द्यावर काही रविवार घेतले. मुले आधी खिडकीतून बाहेर पाहू लागली, मग बाहेर जाऊन खिडकीतून आत पाहू लागली. वर्ग पुढे कॅरमचा झाला. नवशिक्यांना धीर नाही, असा निष्कर्ष साडूंनी काढला. वर्गात कोणीच उरले नव्हते, त्यामुळे तो खोडून काढायलाही कोणी नव्हते.

त्यांच्या तावडीतून न सुटलेला नवशिका एकच होता आणि त्याचे वय सत्तरीच्या पुढे होते. साडूंच्या गल्लीच्या तोंडाशी गाद्यांचे दुकान होते, त्याचे मालक. पिंजारी घराण्यातले. कापूस पिंजून गाद्या, रजया, तक्के भरून देणे हा पिढीजात धंदा. घरात हिंदी, दुकानात अहिराणी. सगळी गल्ली त्यांना चाचा म्हणे. साडू आणि चाचा दुकानातल्या न विकलेल्या गादीवर बसून वर्षानुवर्षे बुद्धिबळ खेळले आणि चाचा वर्षानुवर्षे हरले. चाचा प्यादी कापसासारखीच उधळत. एक पुढे, दुसरे पुढे, तिसरे त्याच्या मागोमाग. साडू ती एकेक करून उचलत आणि गादीच्या कडेला रांगेत मांडून ठेवत. चाचांना हरण्याचे काही वाटत नसे. शेवटचे प्यादे गेले की ते हसून म्हणत, “बठ्ठा प्यादा गयात, तरी डाव चालूच शे ना, भाऊ?” साडूंना याच हसण्याचा राग येई. हरलेल्या माणसाने हरल्यासारखे दिसले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता.

शेवटी एके दिवशी जिंकल्या जिंकल्या साडूंनी पट मिटला आणि जाहीर केले की आता खेळ बंद. “तुम्ही प्यादं फुकट देता. मला जिंकल्यासारखं वाटत नाही, उचलेगिरी केल्यासारखं वाटतं.” आधी नवशिक्यासाठी प्याद्यांचे चांगले पुस्तक निवडायचे, ते मराठीत असावे किंवा साडूंनी वाचून सांगावे, चाचांनी ते पुरते करावे आणि मगच पट मांडायचा. चाचांना वाटले, आठ दिवसांचा प्रश्न आहे. ते “बरं भाऊ” म्हणाले. पट साडूंच्या घरी कपाटावर गेला. नापास पुस्तकांचे जे कपाट मी वर सांगितले, त्याची सुरुवात अशी झाली. साडूंचे सगळे संशोधन या एका गादीवाल्यासाठी होते. त्या गादीवाल्याने कधी पुस्तक मागितले नव्हते.

त्यानंतर दुकान बंद केले की चाचा संध्याकाळी साडूंच्या ओट्यावर येत. “पुस्तक सापडनं का, भाऊ?” असे विचारत. साडू त्या आठवड्यात नापास झालेल्या लेखकाचे दोष सांगत. चाचा मान डोलावत, अक्काने दिलेला चहा पीत आणि घरी जात. वर्षे गेली. दोन माणसे, ज्यांना खेळायचे होते आणि ज्यांच्यामध्ये फक्त एक कपाट होते, रोज समोरासमोर बसून न खेळलेल्या डावाबद्दल बोलत राहिली. अक्का एकदा माझ्यासमोर म्हणाली की या दोघांना एखाद्या दिवशी ओट्यावर कोंडून वर पट फेकावा असे तिला वाटते. ओट्यावर कोंडता येत नाही, एवढीच अडचण होती.

यामागचे खरे कारण मला अगदी उशिरा कळले, आणि तेही मोबाईलमुळे. मी जळगावला गेलो होतो. चाचा आले ते हातात फोन धरून, चिंतेत. नातवाने त्यात बुद्धिबळाचा खेळ घालून दिला होता. “मोबाईल बिघडना, भाऊ,” चाचा म्हणाले. “त्यानं प्यादं पहिल्याच टायमाले दोन घर कुदी जास.” दुकानात दुरुस्तीला नेला होता, तिथले पोरगे हसले, म्हणून ते साडूंकडे आले होते. मी समजावणार होतो की प्याद्याला पहिल्या खेळीत दोन घरे जायची मुभा असते, सगळीकडे तसेच खेळतात. पण साडूंनी फोन हातात घेतला, चष्मा वर करून पाहिला आणि गंभीरपणे म्हणाले, “बिघडलेलाच आहे. पुस्तकंसुद्धा सगळी अशीच बिघडलेली आहेत.”

मी उठून कपाटाकडे गेलो. एकेक पुस्तक उघडून पाहिले. वजीर, ‘सोपे’ हा शब्द, ऊन, हे सगळे वरचे होते. साडूंच्या लाल पेन्सिलीची खरी खूण प्रत्येक पुस्तकात एकाच जागी होती, जिथे प्यादे पहिल्यांदा दोन घरे पुढे गेले तिथे. साडूंना आवडलेल्या पुस्तकात ती निम्म्यावर होती. लेखक तिथे घसरला होता. साडू हे वडिलांकडून शिंदखेड्याला शिकले होते आणि चाचा दुकानाच्या ओट्यावर, दोघेही जुन्या देशी पद्धतीने. त्यात प्यादे कधीही एकच घर चालते आणि शेवटच्या ओळीत ज्याच्या घरात पोहोचेल तोच मोहरा होते. घोड्याच्या घरात गेले तर घोडा, वजिरासाठी हट्ट चालत नाही. या पद्धतीने नवशिक्याला प्यादी शिकवणारे पुस्तक आज कोणी छापत नाही. छापले तर घेणारी माणसे त्या क्षणी त्या ओट्यावर बसलेली दोन होती. मी हे स्पष्ट शब्दांत सांगितले. जग वेगळे खेळते, असेही सांगितले. “जगाला खेळू दे,” साडू म्हणाले. “मोजणी चुकली म्हणून शेजारच्याने जमीन दाबली, तर तेवढ्याने ती त्याची होते का?” अशा माणसाशी वाद घालायला वृत्तपत्रात वेगळा माणूस नेमावा लागतो.

माझे बोलून झाल्यावर चाचांनी चहाचा कप खाली ठेवला. “म्हणजे पुस्तक नहीच शे,” ते म्हणाले. मग हळूच, बातमी सांगितल्यासारखे नव्हे, उशीर झाल्याबद्दल माफी मागितल्यासारखे म्हणाले, “मी सुरतले जाई राहिनू, भाऊ. दुकान बंद करनं शे. पोऱ्या बलाई राहिना.” मुलगा बरीच वर्षे बोलावत होता. तयार फोमच्या गाद्या आल्यापासून पिंजायला कोणी येत नव्हते. ईद झाली की निघायचे ठरले होते. साडूंनी फोन परत दिला आणि आत जाऊन कपाट आवरायला लागले. इतक्या वर्षांत त्यांनी ते कधी आवरले नव्हते.

नंतरच्या आठवड्यात ते न कळवता धुळ्यात माझ्या दारात उभे राहिले. जुन्या पुस्तकांची दुकाने दाखवा, म्हणाले. देशी पद्धतीचे एखादे जुने, आजोबांच्या काळातले, कुठेतरी असेल. मी उपहासाने म्हटले की असेल, चुलीत. तरी त्यांना घेऊन फिरलो. रद्दीची दुकाने, शाळेच्या जुन्या पुस्तकांचे फेरीवाले, एका निवृत्त मास्तरांच्या घरची विकायला काढलेली पेटी. ऊन कडक होते. साडू प्रत्येक ढिगासमोर उकिडवे बसत आणि तळापर्यंत जात. पाककृती, पंचांगे, कीर्तनाची पुस्तके. दुपारी आम्ही रसवंतीच्या बाकावर बसलो तेव्हा मी त्यांना सरळ विचारले की हे सारे कशासाठी. चाचा चार दिवसांनी जाणार. समजा पुस्तक सापडले, तरी ते वाचणार कधी? उरलेल्या दिवसांत गुपचूप चार डाव खेळून घ्या.

साडू म्हणाले, “इथं मी होतो. मी प्यादं उचलून बाजूला ठेवायचो. तिथं कोण ठेवणार?” मला कळले नाही. त्यांनी पुढे सांगितले, एकेक शब्द तोलून, की सुरतेत बिल्डिंगीच्या खाली म्हातारे खेळत असतील. परके लोक. हा माणूस जाऊन बसेल, पहिल्या पाच मिनिटांत सगळी प्यादी देऊन टाकेल आणि हसेल. ते लोक याच्यावर हसतील. पुन्हा बसू देणार नाहीत. “त्याला दुसरं काही येत नाही हो. कापूस आणि हे.” त्यांनी रसाचा ग्लास तसाच ठेवला. इतकी वर्षे मी ज्याला शुद्ध खुळचटपणा समजत होतो, त्यात काही टक्के आणखी काहीतरी होते. खुळचटपणा कमी होता असे मात्र मी आजही म्हणणार नाही. खेळायला माणूस समोर असताना त्याला वर्षानुवर्षे नुसता चहा पाजणे याला दुसरा शब्द नाही.

निर्णय अक्काने घेतला. दुकान रिकामे होण्याच्या दिवशी तिने मला सकाळी फोन करून बोलावून घेतले. मी पोहोचलो तेव्हा ती स्टुलावर चढून कपाटावरचा पट काढत होती आणि साडू खाली उभे राहून तो अजून काढायची वेळ आली नाही असे सांगत होते. “अहो, पुस्तक मिळायचं तेव्हा मिळू द्या,” ती म्हणाली. “माणूस दुपारी चालला.” तिने पट त्यांच्या काखेत दिला आणि दार लोटून घेतले. साडू दारासमोर उभे राहिले. मग गल्लीच्या तोंडाकडे निघाले. या वेळी सरळ गेले, तिरपे नाही.

दुकानासमोर टेम्पो लागला होता. मजूर गाठोडी चढवत होते. आत फक्त एक गादी उरली होती. चाचांनी साडूंच्या काखेत पट पाहिला आणि काही न विचारता गादीवरचा कापसाचा भुगा हाताने झटकला. डाव मांडला. चाचांनी राजासमोरचे प्यादे पुढे केले, एक घर. मग घोड्यासमोरचे, मग उंटासमोरचे. वर्षे मधे गेल्याची काही खूण त्यांच्या हातात नव्हती. उधळण तीच होती. बदलले होते ते साडू. पूर्वी दिसले प्यादे की उचलणारा हा माणूस आता प्रत्येक खेळीला थांबत होता. इतकी पुस्तके नापास करता करता त्यांच्या डोक्यात शिरली होती. ते चाचांच्या प्रत्येक फुकट दिलेल्या प्याद्यामागे काहीतरी योजना शोधत होते. योजना नव्हती. पण ती नाही याची खात्री करायला त्यांना फार वेळ लागत होता. मजुरांचे सगळे चढवून झाले. टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. चाचांच्या मुलाने आत डोकावून पाहिले आणि परत गेला. पुन्हा हॉर्न वाजला. पटावर दोन्हीकडची बहुतेक प्यादी अजून उभी होती. चाचांच्या आयुष्यात असे पहिल्यांदाच घडले होते.

“गादी घालनी शे, चाचा,” मजूर म्हणाला. दोघे गादीवरून उठले. साडूंनी पट दोन्ही हातांनी आडवा उचलला, एकही सोंगटी न हलवता, आणि तसाच धरून उभे राहिले. चाचा टेम्पोत मुलाशेजारी बसले. खिडकीतून म्हणाले, “फोनवर सांगसू, भाऊ. खेळी तुमनी शे.” साडू मान हलवू शकत नव्हते, सोंगट्या पडल्या असत्या. टेम्पो वळला. ते पट तसाच धरून घरापर्यंत चालत आले. अक्काने दोन्ही दारे उघडून धरली.

डाव अजून चालू आहे. जेवणाच्या टेबलावर मांडलेला आहे आणि अक्का-साडू खाली बसून जेवतात. चाचा फोनवर खेळी सांगतात. कुठले प्यादे ते सांगतात, आणि एक घर, हे सांगायची गरज नसली तरी सांगतात. सुरतेतले म्हातारे बिल्डिंगीखाली खेळतात, पण चाचा त्यांच्यात बसत नाहीत. “आठे बठ्ठा दोन घर कुदतस. माले ते जमत नही,” असे ते साडूंना म्हणाले. साडूंनी ते मला दोनदा सांगितले. नवीन पुस्तक मागवायला ते आता सांगत नाहीत. कपाटाचे दार मात्र तसेच उघडे असते.

मे महिन्यात मी गेलो तेव्हा त्या खोलीत पाऊल टाकताच अंगातून घामाच्या धारा लागल्या. जळगावचा मे, आणि पंखा बंद. मी बटणाकडे हात नेला तर साडूंनी अडवले. प्यादी प्लास्टिकची आहेत, हलकी आहेत, म्हणाले. ते टेबलासमोर खुर्चीत बसले होते. बोलता बोलता कळले की बरेच दिवस चाचांचा फोन आलेला नाही. मध्ये एकदा मुलाने उचलला, अब्बांची तब्येत जरा नरम आहे, झोपले आहेत, म्हणाला. मी म्हटले, पुन्हा लावून पाहा, मी लावून देतो. साडूंनी नाही म्हटले.

“त्याची खेळी आहे,” ते म्हणाले. “नवशिक्याला घाई करायची नसते.”

मी त्यांच्यासमोरची खुर्ची ओढणार होतो, पण ती चाचांच्या बाजूची होती. म्हणून भिंतीशी स्टूल घेतले. आम्ही दोघे घाम पुसत, पटाकडे पाहत बसून राहिलो.